६,००० प्रेक्षक, उघडं मैदान, २७ फेब्रुवारी: शेवटच्या रांगेला कार्यक्रमात कसं सामील करून घ्यायचं?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. येत्या २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमचं मंडळ नाशिकमध्ये मैदानावर लोककला आणि कवितेचा कार्यक्रम करतंय. गोंधळ, पोवाडा, भारूड आणि अधूनमधून काव्यवाचन. वेळ संध्याकाळी ६.४५ ते ९.३०. प्रवेश विनामूल्य, पण पास लागेल, आणि पास ६,००० च काढणार आहोत. मैदान गंगापूर रोडच्या बाजूचं आहे. वापरण्याजोगी जागा ११० मीटर लांब, ६० मीटर रुंद. मंच आणि त्यामागची जागा सोडली तर शेवटचा माणूस मंचापासून ८५ मीटरवर बसेल. दोन बाजूंना वस्ती आहे.

मोठ्या मैदानावर नेहमी दिसतं ते असं: पुढच्या रांगा रंगून जातात, मागे गप्पा आणि मोबाईल सुरू होतात, पाऊण तासात मागचे लोक उठायला लागतात. हे टाळायचं आहे. साउंडवाल्याच्या कोटेशनमध्ये मंचामागे ४० बाय १६ फुटांची एलईडी भिंत आहे. आमच्यातल्या तरुण मुलांना क्यूआर कोड स्कॅन करून प्रेक्षकांनी कविता निवडावी असं वाटतं. पोवाड्याला सगळ्या मैदानाने टाळीचा ठेका धरावा, हीही कल्पना आहे. यातलं काय चालेल, काय नाही? शिवाय काहीजण म्हणतात मैदान सोडा, गोदाघाटावर पाडवा पटांगणात करा. जाणकारांनी सांगावं.

डिले_टॉवर

मागचे लोक उठतात त्याचं पहिलं कारण कार्यक्रम नसतो, त्यांना शब्द कळत नसतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. कवितेचा कार्यक्रम असेल तर इथेच निकाल लागतो. म्हणून मांडणी मंचापासून सुरू करू नका, ८५ मीटरवरच्या खुर्चीपासून करा.

फक्त मंचाजवळच्या स्पीकरवर ८५ मीटर गाठायचं ठरवलं तर पुढच्यांचे कान फुटतील आणि मागच्यांना गोंगाट मिळेल. साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल पडतो. लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरची माळ) जवळच्या टप्प्यात ३ च्या आसपास पडतो, पण पुढे त्याचीही तीच गत होते. तुम्हाला ४५ मीटरवर दोन डिले टॉवर हवेत, म्हणजे मंचाचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणारे स्पीकरचे खांब, डावीकडे एक, उजवीकडे एक, प्रत्येकी चार-चार बॉक्सचे. मंचाजवळ दोन्हीकडे सहा-सहा बॉक्स पुरतील.

डिले किती द्यायचा? आवाज एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद घेतो. ४५ मीटरला १३० मिलिसेकंद होतात. त्यात १० ते १५ वाढवायचे, म्हणजे १४० ते १४५. हे जास्तीचे मिलिसेकंद मुद्दाम द्यायचे असतात. मंचाचा आवाज कानावर आधी आला की टॉवरचा आवाज मोठा असला तरी माणसाला वाटतं की आवाज मंचाकडूनच येतोय, आणि तो मंचाकडे बघत राहतो. टॉवरचा आवाज आधी आला की प्रेक्षकाचं लक्ष शेजारच्या खांबाकडे जातं आणि शब्द दोनदा ऐकू येतो. साउंडवाल्याला विचारा, टॉवरला डिले कसा लावणार? 'कानाने बघतो' असं उत्तर आलं तर मोजण्याचा माइक आणि सॉफ्टवेअर घेऊन येणारा दुसरा माणूस शोधा. दुपारी चारला ३१ अंशांत लावलेला डिले रात्री १९ अंशांत ४५ मीटरला ३ मिलिसेकंदांहून कमी सरकतो, त्याची चिंता नको. वारा जास्त त्रास देतो: झुळुकीसरशी वरच्या पट्टीतला आवाज येतो-जातो. टॉवर असले की वाऱ्याच्या वाटेला येणारं अंतर निम्मं होतं.

सबवूफर (खालच्या पट्टीतले ठोके देणारे स्पीकर) वेगळ्या ऑक्सवर, म्हणजे वेगळ्या वाटेवर घ्या. त्यात फक्त संबळ, ढोलकी, डफ. निवेदक आणि कवी यांचा माइक सबमध्ये अजिबात नको, शिवाय त्या माइकला १२० हर्ट्झच्या खाली कट मारा. मैदानावर शब्द खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निवेदकाच्या आवाजातली ही खालची घुमघुम. संबळाला दोन माइक लागतात, दोन्ही तोंडांना एकेक. तुणतुण्याला क्लिपचा माइक लावा, स्टँडवरचा माइक डफच खाऊन टाकतो.

वस्तीचा मुद्दा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. दिवसा मैदानाच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते पाळायचं. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे तुमच्या हद्दीवर ६५. हे कडक आहे, आणि डिले टॉवर घेण्याचं दुसरं कारण हेच: मंचावरून रेटायची गरज राहत नाही. टॉवरचे बॉक्स खाली झुकवा, शेवटच्या रांगेच्या डोक्यावर त्यांचं क्षेत्र संपलं पाहिजे. सब कार्डिओइड मांडणीत, म्हणजे मागे जाणारा आवाज दाबला जाईल असे लावले तर मंचामागच्या घरांना ठोके कमी जातात. रात्री जमिनीलगतची हवा थंड झाली की आवाज खाली वाकून लांबपर्यंत जातो, त्यामुळे सातला हद्दीवर ठीक असलेला आकडा नऊला ठीक असेलच असं नाही. हद्दीवर मीटर घेऊन एक माणूस उभा ठेवा, दर पंधरा मिनिटांनी आकडा वॉकीटॉकीवर कन्सोलला (सगळे आवाज मिसळतात त्या टेबलाला) कळवू दे. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा चालू असतात, शेजारच्या इमारतींना आठवडाभर आधी वेळ कळवणं हे सौजन्य ठेवाच.

झीलकरी

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आता टाळीच्या ठेक्याबद्दल. ही कल्पना ८५ मीटरच्या मैदानावर पडणारच, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर उपायही मिळतो.

मंचावरचा ठोका शेवटच्या रांगेला पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. ते टाळी वाजवतात, ती मंचापर्यंत यायला आणखी पाव सेकंद. पोवाड्याची लय मिनिटाला १२० मात्रांची धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मागची टाळी शाहिराला बरोबर एक मात्रा उशिरा ऐकू येते, मधल्यांची अर्धी मात्रा उशिरा. मैदानभर चुरचुर सुरू होते, शाहीर नकळत लय ओढतो, डफवाला गोंधळतो, दोन मिनिटांत प्रेक्षक टाळी सोडून देतात. डिले टॉवर यावर उपाय नाहीत, तेसुद्धा त्या पाव सेकंदाशीच जुळवलेले असतात.

म्हणून अखंड ठेका मागू नका, उत्तर मागा. आपल्या लोककलांमध्ये ही रचना तयार आहे. पोवाड्यात शाहीर कडवं म्हणतो आणि झीलकरी 'जी जी जी' उचलतात. गोंधळात 'उदे ग अंबे उदे'. कीर्तनात अभंगाच्या चरणावर टाळकरी आणि श्रोते. या सगळ्यात हाक आहे, मग मोकळी जागा आहे, मग उत्तर आहे. त्या मोकळ्या जागेतच पाव सेकंदाचा उशीर मुरून जातो. फक्त मैदानासाठी ही जागा मोठी करावी लागते. छोट्या सभागृहात एक मात्रा थांबून चालतं, इथे हाकेनंतर पूर्ण दोन ते तीन सेकंद वाद्यं बंद. शाहिराला आणि डफवाल्याला तालमीत हे घड्याळ लावून करायला लावा, कारण त्यांचा हात थांबत नाही. शांतता त्यांना पोकळी वाटते आणि ते ती भरून टाकतात. शाहिराच्या कानात इन-इअर मॉनिटर (मंचावरचा आवाज थेट ऐकवणारा इअरफोन) द्या, म्हणजे मैदानाच्या उशिरा येणाऱ्या आवाजावर तो लय धरणार नाही.

उत्तर लहान ठेवा, चार ते सहा अक्षरं. पहिल्याच वेळी पूर्ण ओळ मागितली की मागचे गप्प बसतात, कारण त्यांना ती नीट ऐकूच आलेली नसते. पहिल्या सात-आठ मिनिटांत फक्त एक शब्द मागा. वीस मिनिटांनी दोन शब्द. पूर्ण ओळ तासाभराने, तीही आधी स्क्रीनवर दाखवून आणि निवेदकाने एकदा स्वतः म्हणून. उभं राहायला लावणं सगळ्यात शेवटी, आणि एकदाच. बसलेली माणसं उभी केली की परत बसवायला वेळ जातो आणि मागे बसलेल्या ज्येष्ठांना मंच दिसत नाही.

दुसरं, झीलकरी मैदानात पेरा. चाळीस स्वयंसेवक, म्हणजे दर दीडशे माणसांमागे एक. विनामाइकचा मोकळा आवाज गर्दीत दहा-पंधरा मीटरपर्यंतच उपयोगी पडतो, त्यामुळे त्याहून कमी संख्येत पोकळ्या राहतात. त्यातले निम्मे ५० मीटरच्या मागे ठेवा, पुढच्यांना मदत लागत नाही. या चाळीस जणांच्या मैदानावर किमान दोन तालमी घ्या, साउंड चालू ठेवून. त्यांना एकच नियम शिकवायचा: मंचावरच्या हाताकडे बघून म्हणायचं नाही, कानावर आवाज आला की म्हणायचं. बघून म्हणणारा पाव सेकंद आधी सुरू होतो आणि आजूबाजूचे बिचकतात. नाशिकमध्ये ढोलपथकं भरपूर आहेत, पथकातली मुलं यासाठी उत्तम. त्यांना मोठ्या जागेत आवाज उशिरा येण्याची सवय असते.

क्यूआर कोडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. सहा हजार फोन एका मैदानात आले की नेटवर्क दबतं. पान उघडायला अर्धा मिनिट लागला तर तो अर्धा मिनिट प्रेक्षक मंचाकडे नाही, फोनकडे बघतो, आणि तिथेच राहतो. त्याऐवजी ए५ आकाराचं जाड कागदाचं कार्ड छापा. एक बाजू पिवळी, एक निळी, एका बाजूला उत्तराच्या ओळी मोठ्या अक्षरात. निवेदक विचारतो, पुढची कविता पावसाची की मातीची? सहा हजार कार्डं वर जातात, कॅमेरा मैदानावर फिरतो, निकाल सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. मागच्या रांगेतला माणूस स्वतःला स्क्रीनवर बघतो, तिथून पुढे तो तुमचा. कार्ड गेटवर वाटू नका, रांग तुंबते. खुर्च्या मांडल्यावर प्रत्येक खुर्चीवर ठेवा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून खुर्चीच्या पाठीच्या खाचेत खोचा.

क्रमाबद्दल एवढंच की एका प्रकारचा तुकडा पंधरा मिनिटांच्या पुढे नको. संथ कविता सलग दोन नको. दोन तुकड्यांमधली वाद्यांची अदलाबदल ९० सेकंदांत झाली पाहिजे. त्यासाठी मंचाचे दोन भाग करा, डावीकडे गोंधळी चालू असताना उजवीकडे शाहिराचे माइक लागलेले आणि तपासलेले असावेत. निवेदकाने ती वेळ बोलून भरायची नाही. त्या वेळेत मैदानाच्या मध्यावर एखादा हलगीवाला किंवा संबळवाला वाजत चालला की मागच्यांना पहिल्यांदाच काहीतरी आपल्या जवळ घडतंय असं वाटतं.

गंगापूररोडकर

झीलकरी, डिले टॉवर, दोघांचे आभार. कार्डाची कल्पना मुलांना पटली. दोन शंका. एक, मध्यावर छोटा मंच बांधून गोंधळ तिथूनच सुरू करता येईल का? दोन, पाहुण्यांचे सत्कार नऊ आहेत, ते टाळता येणार नाहीत. कुठे बसवू?

झीलकरी

सत्कार ६.१५ ते ६.४०, लोक येऊन बसत असताना. पाहुण्यांना वेळ तीच कळवा, म्हणजे कार्यक्रम उशिरा सुरू झाल्यासारखं होत नाही. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह तिन्ही एका तबकात, नऊ तबकं क्रमाने लावलेली, नावं निवेदकाकडे उच्चारासह लिहिलेली. एका सत्काराला दोन मिनिटं, भाषण एकच आणि तीन मिनिटांचं. मध्यंतरात सत्कार घातलात तर मागचा निम्मा वर्ग तिथेच उठेल, आणि उठलेला माणूस परत येत नाही.

डिले_टॉवर

मधला मंच होईल, पण साउंडचा खर्च आणि तयारी वाढते, हे समजून घ्या. गोंधळी ४५ मीटरवर उभे राहिले तर त्यांचा आवाज माइकमधून मंचाजवळच्या स्पीकरला जातो आणि तिथून १३० मिलिसेकंदांनी त्यांच्या अंगावर परत येतो. त्यात गाता येत नाही, आणि माइक स्पीकरच्या तोंडासमोर असल्याने शिट्टी मारतो. उपाय: डिजिटल कन्सोलवर दुसरा सीन, म्हणजे सेटिंगचा दुसरा संच जतन करा. त्यात टॉवर मुख्य, त्यांचा डिले शून्य, मंचाजवळचे स्पीकर ८ ते १० डेसिबल खाली. मधल्या मंचावरचे माइक डोक्याला लावायचे, स्टँडवरचे नकोत. गायकाला इन-इअर. सीन बदलताना सगळे माइक एक सेकंद म्यूट, नाहीतर डिले बदलताना 'खट्' असा आवाज येतो. एवढं जमत नसेल तर मध्यावर फक्त विनामाइक वाद्यं ठेवा आणि गायन मंचावरून. तेही छान दिसतं.

मधला मंच ३ बाय ३ मीटर, उंची १.२ मीटर पुरते. त्याहून उंच केला तर मागच्यांचा मुख्य मंच झाकतो. गोंधळ्यांची दिवटी खरी पेटवायची असेल तर भोवती तीन मीटर मोकळी जागा, वाळूच्या दोन बादल्या, एक फायर एक्स्टिंग्विशर आणि ओल्या गोणपाटासह एक माणूस, ज्याला त्या वेळी दुसरं काहीही काम नाही. अग्निशमन विभागाच्या ना-हरकत अर्जात दिवटीचा उल्लेख आधीच करा.

पिक्सेलवाला

४० बाय १६ ची भिंत रद्द करा. मंचामागे झगमगती भिंत असली की पुढच्यांचे डोळे दिपतात, कलाकाराचा चेहरा काळा पडतो आणि ८५ मीटरवरच्याला तरीही चेहरा दिसत नाही, कारण त्या भिंतीवर बहुतेक वेळा फिरती नक्षीच चालते. तोच पैसा चार स्क्रीनमध्ये वाटा. मंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि ४५ मीटरवर मैदानाच्या कडांना आत वळवलेल्या एकेक. प्रत्येक ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच. खालची कड जमिनीपासून अडीच मीटरवर. मधल्या स्क्रीनमुळे शेवटच्या माणसाचं अंतर ८५ वरून सुमारे ४० मीटरवर येतं. चालवायचं फक्त कलाकाराचा चेहरा, हात, वाद्य, आणि प्रेक्षक. तीन कॅमेरे पुरे: एक कन्सोलपाशी लांब लेन्सचा, एक मंचावर हातात, एक फक्त प्रेक्षकांकडे तोंड करून.

मधल्या स्क्रीनला पी४.८ (एलईडीच्या ठिपक्यांमधलं अंतर ४.८ मिलिमीटर) चालेल, जास्त बारीक पी३.९ चं भाडं तिथे वाया जातं. रिफ्रेश रेट ३८४० हर्ट्झ असल्याची खात्री करा, नाहीतर कॅमेऱ्यात पट्टे येतात. अंधार पडल्यावर ब्राइटनेस २५ ते ३० टक्क्यांवर आणा.

चित्राच्या उशिराबद्दल: कॅमेरा, स्विचर, प्रोसेसर मिळून दोन-तीन फ्रेम जातात, २५ फ्रेमच्या हिशेबाने ८० ते १२० मिलिसेकंद. मधल्या स्क्रीनपाशी हे उलट फायद्याचं पडतं, कारण तिथे आवाजही १४० मिलिसेकंदांनीच पोचतो, ओठ आणि शब्द जवळजवळ जुळतात. मंचाजवळच्या स्क्रीनवर मात्र ओठ मागे पडलेले दिसतात. तिथे साखळीतून जास्तीचे कन्व्हर्टर काढा, आणि पहिल्या दहा मीटरच्या लोकांना स्क्रीनची गरजच नसते म्हणून तिचा कोन बाहेरच्या बाजूला ठेवा.

ओळी दाखवायच्या तर दहा फुटांमागे एक इंच अक्षर हा हिशेब धरा. ४० मीटर म्हणजे १३१ फूट, अक्षर १३ इंच, म्हणजे ३३ सेंटीमीटर. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते, म्हणून ३ मीटरच्या स्क्रीनवर चार ओळींच्या वर जाऊ नका. एका ओळीत चार शब्द. जाड वजनाचा मुक्ता किंवा बालू फाँट वापरा. बारीक वळणांच्या सुलेखनात जोडाक्षरं लांबून फुटतात, ते निमंत्रणपत्रिकेवर शोभतं. काळ्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर, मागे व्हिडिओ नको.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. १५ चौरस मीटरची स्क्रीन म्हणजे शीडच आहे. प्रत्येकीच्या मांडणीला मागे किमान १,००० किलो वजन (पाण्याने भरलेल्या टाक्या चालतात), पायाची पुढून मागे लांबी अडीच मीटर, आणि संरचना अभियंत्याची सही. वारा ताशी ४० किलोमीटरवर गेला तर स्क्रीन खाली आणायची, हे कुणाला विचारायचं नाही, आधीच ठरलेलं असावं.

पंचवटीकर_ताई

गोदाघाटाचा प्रश्न राहिलाय. घाटाचं वातावरण मैदानाला येणार नाही हे मान्य, आणि पायऱ्यांमुळे मागच्याला आपोआप दिसतं. पण रात्री सहा हजार माणसं, बाहेर पडायला पायऱ्या आणि पंचवटीच्या बोळी, एका बाजूला पाणी. सपाट जागेत एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडतील असं धरतात, पायऱ्यांवर ६६. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं तर फेब्रुवारीतही पाणी वाढतं. दगडी घाट, पूल आणि पाणी यांवरून आवाज उलटतो, कवितेचे शब्द तिथे आणखी हरवतात. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ जण गेले. आपल्या गावाने तरी हा हिशेब कधी सोडू नये. पास असलेला, बसून बघायचा कार्यक्रम मैदानावरच करा.

आता मैदानाचा हिशेब. ८५ गुणिले ६० म्हणजे ५,१०० चौरस मीटर. खुर्ची, रांगेतलं अंतर आणि वाटा धरून माणशी पाऊण चौरस मीटर, म्हणजे ४,५००. उरलेल्या ६०० मध्ये कन्सोल, टॉवर, स्क्रीन, मधला मंच, रुग्णवाहिकेची वाट. बसतं, पण काठोकाठ. पास ६,००० च्या वर एकही काढू नका, आणि गेटवर क्लिकरने मोजा. पुढचे १५ मीटर सतरंज्यांची बैठक केली तर थोडी हवा मिळते, लहान मुलं तिथे बसतात आणि मागच्यांचं दिसणंही सुधारतं.

दोन वाटांच्या मध्ये एका रांगेत १४ खुर्च्या, त्याहून जास्त नाहीत, म्हणजे कुणालाही सातपेक्षा जास्त जणांना ओलांडावं लागत नाही. खुर्च्या चार-चारच्या गटाने केबल टायने बांधा. सुट्या प्लास्टिकच्या खुर्च्या गडबडीत आडव्या पडतात आणि माणसं त्यांच्यात पाय अडकून कोसळतात. बहुतेक मंडपवाले हे सांगितल्याशिवाय करत नाहीत, कामाच्या चिठ्ठीत लिहून द्या.

आठ मिनिटांत मैदान रिकामं व्हावं असं धरलं तर ८२ गुणिले ८ म्हणजे मीटरमागे ६५६ माणसं, ६,००० ला ९.१५ मीटर रुंदी. गेटं चार ठेवा, प्रत्येकी साडेतीन मीटर. एक बंद पडलं तरी साडेदहा मीटर उरतात. गेटसमोर बाहेर गाड्या लावल्या असतील तर ही रुंदी कागदावरच राहते, तेव्हा बाहेरचे पंधरा मीटर दोरी लावून मोकळे ठेवा. वाटा आणि गेटवरचे दिवे कार्यक्रमभर चालू, प्रकाशयोजनेसाठीसुद्धा विझवायचे नाहीत. मोबाईलचे टॉर्च उंचावायचा प्रसंग ठरवला असेल तर तो या दिव्यांसकट छान दिसतो.

मधल्या मंचाची मला एकच काळजी आहे. कलाकार गर्दीतून चालत गेला की माणसं वाटेवर धावतात, फोन पुढे करतात. चौरस मीटरला चारच्या पुढे माणसं गेली की लक्ष द्यायचं, पाचला थांबवायचं. सातच्या आसपास तर माणसाचं स्वतःच्या पावलांवर नियंत्रण राहत नाही, गर्दी हलवेल तिकडे तो जातो. गोंधळ्यांची वाट दोन्ही बाजूंनी बॅरिकेड लावून किमान अडीच मीटर रुंद ठेवा, आणि ते प्रेक्षक यायच्या आधी मधल्या मंचापाशी पडद्याआड येऊन थांबले तर उत्तम, चालत जाण्याची गरजच उरत नाही.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एका माणसाकडे, नाव लिहून. त्याने सांगितलं की आधी वाद्यं थांबणार, मग सगळे दिवे पूर्ण, मग तीन सेकंद शांतता, मग निवेदक आधीच लिहिलेली चार वाक्यं वाचणार. वाक्यात काय घडलंय ते आणि काय करायचं ते, दोन्ही असावं. 'घाबरू नका' एवढंच म्हटलं तर लोक घाबरतात. माइक कधीही बंद करायचा नाही. कन्सोल, निवेदकाचा माइक आणि टॉवरचा एक अ‍ॅम्प्लिफायर यूपीएसवर घ्या, पंधरा मिनिटं टिकेल एवढा. शिवाय सहा हातकर्णे, बॅटऱ्या भरून.

गंगापूररोडकर

घाट रद्द, एलईडी भिंत रद्द. गोंधळी पडद्याआडून येतील, गायन मंचावरूनच ठेवतो. शेवटची विचारणा: जनसेट (जनरेटर) किती आणि मंच कोणत्या दिशेला?

पिक्सेलवाला

चार स्क्रीन मिळून ६० चौरस मीटर, पूर्ण पांढऱ्यावर चौरस मीटरमागे ७०० वॅट धरले तर ४२ किलोवॅट. रात्री २५-३० टक्क्यांवर खूपच कमी लागेल, पण जनसेट कमाल आकड्यावर घ्यायचा. स्क्रीनला आणि दिव्यांना मिळून १२५ केव्हीए. साउंडला वेगळा ६२.५ केव्हीए, त्याच्यावर दुसरं काहीही नाही. दिव्यांचे डिमर आणि साउंड एका जनसेटवर आले की स्पीकरमध्ये घरघर येते. अर्थिंगचे खड्डे दोन्हीला वेगळे आणि सकाळीच मीठ-पाणी घालून मोजलेले. जनसेट मंचामागे किमान ३० मीटरवर, वस्तीच्या विरुद्ध बाजूला.

मंच उत्तरेला किंवा दक्षिणेला. २७ फेब्रुवारीला सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो. मंच पश्चिमेला असला तर साडेपाचपासून बसलेल्यांच्या डोळ्यांत ऊन, पूर्वेला असला तर ते ऊन थेट स्क्रीनवर, आणि सत्काराच्या वेळी त्यावर काहीच दिसणार नाही.

डिले_टॉवर

मैदान उत्तर-दक्षिण लांब नसेल तर दिशा बदलण्याऐवजी मंचाजवळच्या स्क्रीन ६.४० ला चालू करा. सत्काराला मधल्या दोनच पुरतात, त्या आत वळवलेल्या असल्याने ऊन तिरकं पडतं. आणि साउंड चेक आदल्या रात्री आठला घ्या, दुपारी नको. हद्दीवरचा मीटरवाला, चाळीस झीलकरी आणि शाहीर तिघेही त्याला हजर हवेत. शाहिराने ८५ मीटरवरच्या खुर्चीवर बसून दुसऱ्याचा डफ ऐकला की थांबायला किती सेकंद लागतात ते त्याला स्वतःच कळेल.